लायटिंगमध्ये वरपर्यंत पोचलेल्या बायका आहेत का, आणि साइटवर आपलं ऐकलं कसं जातं

तुझा प्रश्न वाचला आणि दोन दिवस डोक्यात घोळत राहिला, म्हणून आता बसून सविस्तरच लिहिते. तू म्हटलं तर चालेल ना, माझी भाची तुझ्याच वयाची आहे.

बाकीच्यांना कळावं म्हणून प्रश्न थोडक्यात परत सांगते. तू बडोद्यातच इंटिरियर डिझाईन केलंस, दोन वर्षं एका ऑफिसात आहेस, त्यात लायटिंगचं काम तुला सगळ्यात आवडतं आणि पुढे तेच करायचंय. पण साइटवर वायरमन तुझं ऐकत नाहीत, "सरांना विचारून सांगतो" म्हणतात, आणि घरी आई म्हणते की रात्री-बेरात्री शिडीवर चढायचं काम मुलींचं नव्हे. मग तू विचारलंयस, या लाइनीत खरंच वरपर्यंत पोचलेल्या बायका आहेत का, असतील तर नावं सांगा, जरा इन्स्पिरेशन मिळेल.

आहेत, आणि भरपूर आहेत. पण तुझ्या प्रश्नात मला नावांपेक्षा ती वायरमनची ओळ जास्त टोचली. दहा नावं वाचून तुला एक संध्याकाळ बरं वाटेल, दुसऱ्या दिवशी साइटवर परत तेच. म्हणून मी प्रत्येकीबद्दल सांगताना तिने आपलं म्हणणं लोकांना ऐकायला कसं लावलं तेवढंच सांगणार आहे, कारण मला स्वतःला त्याचाच उपयोग झाला. आणि एक गोष्ट मला या सगळ्याजणींमध्ये सारखी दिसते, ती आधीच सांगून टाकते: यांनी उजेडाला "मला असं छान वाटतं" यावर सोडलं नाही. तो मोजला, कागदावर उतरवला, नाहीतर सरळ समोर लावून दाखवला. म्हणजे मग वाद बाई विरुद्ध मिस्त्री असा राहत नाही.

माझं थोडं सांगते म्हणजे कुठून बोलतेय ते कळेल. मी कलाभवनात इलेक्ट्रिकल केलं, म्हणजे आपल्या एम. एस. युनिव्हर्सिटीची इंजिनिअरिंगची फॅकल्टी, जुने लोक अजून कलाभवनच म्हणतात. त्याच वर्षांत इथल्या मराठी नाटकांच्या मागे एका लाईटवाल्या काकांच्या हाताखाली केबल ओढायला लागले आणि उजेडाचं वेड तिथूनच लागलं. नंतर बंगले, दुकानं, दोन-तीन देवळं, एक छोटी आर्ट गॅलरी, असं करत करत आता २५ वर्षं झाली. मी काही मोठं नाव नाही, पण माझं घर या कामावर चाललंय.

सुरुवात जरा जुन्या बाईपासून करते, जिने लाईट डिझाईन कधी केलंच नाही. हर्था एअर्टन, इंग्लंडची. घराघरात बल्ब यायच्या आधी रस्त्यांवर आर्क लॅम्प असायचे, दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये झगझगीत ठिणगी पेटलेली. ते दिवे फुसफुसायचे, हिसहिस आवाज करायचे आणि उजेड थरथरायचा, आणि सगळे ते तसंच असतं म्हणून सोडून द्यायचे. हिने बसून मोजलं. करंट किती, कांड्यांमधलं अंतर किती, टोकाचा आकार कसा बदलतो. आणि दाखवून दिलं की करंट फार वाढला की पॉझिटिव्ह कांडीवरचा खळगा टोकाबाहेर पसरतो, तिथे हवा शिरते, कार्बन आणि ऑक्सिजनची गाठ पडते आणि मग तो आवाज आणि थरथर. १८९९ मध्ये तिथल्या इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सच्या संस्थेत तिने हा पेपर स्वतः उभं राहून वाचला आणि त्याच वर्षी त्या संस्थेची पहिली महिला सभासद झाली. १९०२ मध्ये रॉयल सोसायटीसाठी तिचं नाव गेलं तर लग्न झालेली बाई सभासद होऊ शकत नाही म्हणून नाकारलं, आणि त्याच सोसायटीला १९०६ मध्ये तिला ह्यूज मेडल द्यावं लागलं. तिच्या आकड्यांशी कुणाला वाद घालता येईना!

तुला वाटेल याचा आपल्या कामाशी काय संबंध. संबंध असा की थरथरणारा उजेड अजून आहे. दोन वर्षांपूर्वी एका घरी काकूंचं डोकं दुखायचं, नवीन कोव्ह लाईट (छताच्या खाचेत लपवलेले) लावल्यापासून. वायरमन म्हणे व्होल्टेजचा प्रॉब्लेम, घरातले म्हणे चष्म्याचा नंबर. मी फोनचा कॅमेरा स्लो मोशनवर टाकून छताकडे धरला आणि स्क्रीनवर काळे-पांढरे पट्टे सरकताना सगळ्यांना दाखवले. स्वस्तातला ड्रायव्हर होता, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा डबा. चांगला टाकला, पट्टे गेले, आणि काकूंची तक्रारही बंद झाली. त्या दिवसानंतर त्या वायरमनने माझ्याशी कधी वाद घातला नाही, आणि मी आवाजही चढवला नव्हता.

आता जिचं नाव तुला पाठच असायला हवं, ती जीन रोझेन्थाल. अमेरिकेची, जन्म १९१२, गेली १९६९ मध्ये, नाटक आणि नृत्याचं लायटिंग. तिच्या आधी तिथे लाईट डिझाइनर असा वेगळा माणूसच फारसा नसायचा, सेट करणारा नाहीतर थिएटरचा इलेक्ट्रिशियन लाईट बघून घ्यायचा. (आपल्याकडे आजही घराचा लाईट आर्किटेक्ट नाहीतर वायरमन बघून घेतो, त्यामुळे ही गोष्ट मला फार जवळची वाटते.) २५ वर्षांची असताना १९३७ मध्ये ऑर्सन वेल्सच्या ज्युलियस सीझरचं लायटिंग तिने सांभाळलं, उघडंबोडकं स्टेज आणि जमिनीतून वर जाणारे उजेडाचे झोत. पुढे मार्था ग्रॅहमच्या नृत्यांचं काम कितीतरी वर्षं, आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, १९५७ चं वेस्ट साइड स्टोरी, १९६४ चं फिडलर ऑन द रूफ अशी मोठमोठी नाटकं.

पण मला तिचं मोठेपण कशात वाटतं, तर तिच्या कागदांमध्ये. कुठला दिवा, टांगायच्या कितव्या दांडीवर, कुठल्या नंबरला, रंग कोणता, रोख कुठे, कुठल्या क्षणी किती उजेड, हे सगळं तिने नीट लिहायची पद्धत बसवली. म्हणजे तेच नाटक दुसऱ्या गावात गेलं तरी दुसरा माणूस कागद बघून तोच उजेड उभा करू शकेल. सगळे पुरुष इलेक्ट्रिशियन असलेल्या थिएटरात एक लहानखुरी बाई जेव्हा असा कागद घेऊन उभी राहते तेव्हा ती काय बोलते हे तिच्या आवाजावर अवलंबून राहत नाही ना.

आणि हे मी कसं शिकले ते सांगते, कारण आधी मला कळलंच नव्हतं. माझ्या पहिल्या दोन-तीन बंगल्यांपैकी एक. दिवाणखान्यात एक दगडी भिंत होती, खडबडीत, सुंदर दगड. मी सीलिंगच्या प्लॅनवर भिंतीला अगदी लागून २०० मिलिमीटरवर सात डाउनलाईट (छतात बसवलेले, खाली उजेड टाकणारे) दाखवले, म्हणजे नुसते सात ठिपके. दगडावरून उजेड घासत खाली गेला की प्रत्येक उंचवट्याची छोटी सावली पडते आणि दगड जिवंत दिसतो, यासाठी अंतर तेवढं कमी लागतं. मी साइटवर गेले तर लाईट भिंतीपासून दीड फुटावर. फोरमन काका फार प्रेमाने म्हणाले, "बेन, वच्चे चॅनल आवती हती, एटले जरा खसेड्या." मध्ये फॉल्स सीलिंगचा चॅनल येत होता म्हणून जरा सरकवले, बस. संध्याकाळी लावून बघितलं तर उजेड समोरून भिंतीवर पडतोय, सावल्या गायब, आणि तो महागाचा दगड पुठ्ठ्यासारखा सपाट. मी खूप चिडले, मला वाटलं मी बाई आहे म्हणून विचारलं नाही.

घरी येऊन ड्रॉइंग परत बघितलं आणि खरं कळलं. त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं की ते २०० मिलिमीटर का आहेत. त्यांच्या दृष्टीने ठिपका हा ठिपका, एक फूट इकडे काय आणि तिकडे काय. तेव्हापासून माझ्या ड्रॉइंगवर प्रत्येक महत्त्वाच्या लाईटशेजारी तीन गोष्टी असतात: भिंतीपासून अंतर, रोख नेमका कुठे, आणि कारण एका ओळीत. आणि ती कारणाची ओळ मी गुजरातीत लिहिते, कारण साइटवर जो माणूस शिडीवर उभा आहे त्याला ती वाचता आली पाहिजे, आर्किटेक्टला इंग्रजीत वेगळी शीट देते. शिवाय खाली, "चॅनल नडे त्यां फोन करवो", म्हणजे चॅनल आडवा आला तर फोन करा. आता फोन येतात. कधी दिवसाला सहा येतात आणि वैताग येतो, पण सरकवलेले लाईट जवळजवळ बंद झाले. तू आधी तुझं ड्रॉइंग मी सांगितलं तसं बघ, वायरमन ऐकत नाही यातला निम्मा भाग तिथेच सुटेल. उरलेला निम्मा खरोखरच तू मुलगी आहेस म्हणून असतो, ते मी नाकारत नाही, आणि तो सुटायला वेळ लागतो.

थॅरन मसरबद्दल पटकन. तीही ब्रॉडवेची. १९७५ मध्ये ए कोरस लाईनसाठी तिने लाईट चालवायला मेमरीवाला कॉम्प्युटर बोर्ड वापरला, ब्रॉडवेवर पहिल्यांदा. त्याआधी उजेड कमी-जास्त करायचे मोठमोठे डिमर बोर्ड, चार हात लावून दांडे ओढायचे आणि रोज प्रयोगात थोडा फरक पडायचाच. मी त्या दांड्यांवर काम केलंय, आमच्याकडे ते खूप उशिरापर्यंत होते, हाताला चटके बसायचे. मसरने नवीन यंत्राला घाबरण्याऐवजी ते आपल्या बाजूला ओढून घेतलं. तुझ्या पिढीसाठी तेच डालीचं (लाईट डिजिटल पद्धतीने चालवायची प्रणाली) कंट्रोल, सीन सेटिंग वगैरे आहे. साइटवर तो सीन प्रोग्राम करणारी एकटी तू असलीस तर सगळे तुझ्याकडेच बघणार, हा फायदा सोडू नकोस.

आणि जेनिफर टिप्टन, जन्म १९३७, ही आधी नाचायची, मग लाईटकडे वळली, मग १९८१ पासून येल विद्यापीठात शिकवलं, २००८ मध्ये तिला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. तिच्या हाताखालून किती डिझाइनर बाहेर पडले. नाचलेली असल्यामुळे अंगावर बाजूने पडणारा उजेड काय करतो हे तिला शरीरातून माहीत. तू इंटिरियरकडून येतेयस, तुला कापड, लाकूड, लाद्या हातात घेऊन माहीत आहेत, ती तुझी तशीच पुंजी आहे. इलेक्ट्रिकलवाल्यांना ती नसते, मला नव्हती.

आता इमारती आणि शहरांचं लायटिंग, जे तुला करायचंय. यात माझी सगळ्यात आवडती मोतोको इशिई. जपानची, जन्म १९३८. तोक्योत डिझाईन शिकली, मग फिनलंडला जाऊन लिसा योहान्सन-पापे या बाईंच्या हाताखाली दिव्यांचं काम शिकली, जर्मनीत काम केलं, आणि परत येऊन १९६८ मध्ये स्वतःचं ऑफिस काढलं. तेव्हा जपानमध्ये लाईट डिझाइनर म्हणजे काय हेच लोकांना माहीत नव्हतं. जुन्या इमारती रात्री उजळायच्या ही कल्पना शहरांच्या अधिकाऱ्यांना पटेना, तर हिने काय करावं, स्वतःच्या खर्चाने दिवे गाडीत घातले आणि गावोगाव जाऊन ऐतिहासिक वास्तू तात्पुरत्या उजळून दाखवायला सुरुवात केली, सुरुवात क्योतोपासून. लोकांनी बघितलं आणि मग पटलं. १९८९ मध्ये तोक्यो टॉवरचं लायटिंग तिने केलं. आधी त्याच्या कडांवर नुसत्या बल्बच्या माळा असायच्या, जशा आपण दिवाळीत गॅलरीला सोडतो. हिने सबंध लोखंडी सांगाडाच उजळला, थंडीत उबदार नारिंगी आणि उन्हाळ्यात थंड पांढरा. शहराला ऋतू कळावा असा उजेड! मला हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, अजून येतो.

तिचा तो दिवे गाडीत घालून फिरण्याचा प्रकार म्हणजे आपल्या भाषेत मॉकअप, आधी तात्पुरतं लावून दाखवणं. आणि हे मी तुला हात जोडून सांगते, मॉकअप कर. बोलू नकोस, लावून दाखव. मांडवीच्या जवळ एक साडीचं दुकान होतं, शेठना फक्त भरपूर उजेड हवा होता, पांढराशुभ्र ६५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड थंड पांढरा). मी एक दुपार नुसती तिथे गादीवर बसून राहिले. बायका येत, साडी आवडली की उचलून दाराशी नेत, बाहेरच्या उजेडात धरून बघत, मग परत आत येत, आणि त्यातल्या काही परत येतच नसत, दारातूनच "नंतर बघू". लाल, मरून, कुंकवाचा रंग, यात जास्त व्हायचं. कारण सरळ आहे. सीआरआयचा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा, जो आकडा डब्यावर लिहितात तो आठ फिक्या रंगांची सरासरी असतो, गडद लाल त्यात धरतच नाहीत, तो आर ९ नावाने वेगळा मोजतात. म्हणून ८० सीआरआयचा लाईट कागदावर ठीक असतो आणि त्याच्याखाली कुंकू विटकरी दिसतं.

हे सगळं मी शेठना सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि विसरले. मग मी एक पुठ्ठ्याचं खोकं केलं, मध्ये पडदा, दोन्हीकडे ४००० केल्विनचेच लाईट, एक साधा आणि एक ९० च्या वरचा, चांगल्या आर ९ चा. एकच लाल साडी दोन्ही कप्प्यांत पसरून ठेवली. शेठच्या आई गल्ल्याजवळ बसल्या होत्या, त्या वाकून बघून म्हणाल्या, "अरे, आ तो बे जुदी साडी लागे छे!" दोन वेगळ्या साड्या वाटतात. झालं, माझं काम संपलं. पुढच्या आठवड्यात ऑर्डर गेली. ते खोकं अजून माझ्याकडे आहे, कोपरे झिजलेत, चिकटपट्टीवर चिकटपट्टी लावलीय, पण दरवर्षी दोन-चार ठिकाणी जातंच.

इथपर्यंतचं एकदा गोळा करते: थरथर मोजून दाखवली ती एअर्टन, कागदावर उतरवलं ती रोझेन्थाल, यंत्र आपलंसं केलं ती मसर, आणि लावून दाखवलं ती इशिई. इन्स्पिरेशन म्हणशील तर माझ्यासाठी हे असं आहे, भिंतीवर लावायच्या फोटोसारखं नाही, उद्या साइटवर वापरता येईल असं.

आपल्याकडच्या बायकांबद्दलही विचारशील. ए. ललिता हे नाव ऐकलंयस का? मद्रासच्या, गिंडीच्या कॉलेजातून १९४० च्या दशकात इलेक्ट्रिकल इंजिनिअर झालेल्या, १८ व्या वर्षी विधवा झालेल्या, पदरात लहान मुलगी. भाक्रा-नांगल धरणाच्या जनरेटरवर त्यांनी काम केलं. लायटिंग नव्हे, पण कलाभवनात आमच्या वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या तेव्हा मला या बाईंची गोष्ट एका मॅडमनी सांगितली होती आणि ती कायम पुरली. नाटकात दिल्लीच्या झुलेखा चौधरी आहेत, दिग्दर्शन आणि प्रकाशयोजना दोन्ही, त्यांच्या कामात उजेड आणि जागा हाच विषय होऊन बसतो. बाहेरच्यांमध्ये हॅम्बर्गच्या उल्रिके ब्रांडी, तिथल्या एल्बफिलहार्मोनी या संगीतसभागृहाचं लायटिंग त्यांचं, आणि इंग्लंडच्या पॉल कॉन्स्टेबल, वॉर हॉर्स या नाटकाच्या लायटिंगसाठी २०११ मध्ये ब्रॉडवेचा टोनी पुरस्कार मिळालेल्या. २०१९ पासून विमेन इन लाइटिंग नावाचा प्रकल्प चालू आहे, त्यात जगभरच्या या कामातल्या बायकांच्या मुलाखती आहेत, आपल्या देशातल्यासुद्धा. रोज एक बघ. त्यात मोठ्या गप्पांपेक्षा त्या सुरुवातीला कुठे अडकल्या आणि कशा सुटल्या याकडे कान दे.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सरळ सांगते, यात मी तुला एकच उत्तर देऊ शकत नाही. बडोद्यात निव्वळ लायटिंगवर पहिल्या दिवसापासून पोट भरेल असं मला वाटत नाही. इथे शोरूमवाले लाईट विकत घेतले की लेआउट फुकट देतात, मग क्लायंट विचारतो तुम्हाला फी कशाची. प्रश्न रास्त आहे. मी त्यांना सांगते की शोरूमचा लेआउट लाईटांची संख्या वाढवतो, माझा बहुतेक वेळा कमी करतो, आणि मी कुठल्याही दुकानाकडून कमिशन घेत नाही. हे शेवटचं वाक्य खरं असेल तरच बोलायचं. मी पहिली पाच वर्षं फॅक्टऱ्यांचं इलेक्ट्रिकल काम करून घर चालवलं. तुला घरून आधार असेल, कर्ज नसेल, तर मुंबई, बंगळुरू, दिल्ली इथल्या एखाद्या लायटिंग स्टुडिओत दोन-तीन वर्षं काढून ये, पगार फार नसतो पण मोठी कामं बघायला मिळतात. बाहेर जाणं शक्य नसेल तर आहे त्या ऑफिसात लायटिंगची शीट आपल्याकडे मागून घे, पैसे न वाढवता. दोन्ही रस्त्यांनी पोचलेल्या मुली मला माहीत आहेत. स्टेज की बिल्डिंग हेही आताच ठरवू नकोस.

तोवर गावातच शीक, बडोद्याइतकं बघायला कुठे आहे. लायटिंगचा हिशोब करायचं डायलक्स सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते रोज अर्धा तास. एक लक्समीटर (उजेड किती पडतो ते मोजणारा) घे, साधा चालेल, आणि पर्समध्ये ठेव. घरातल्या जेवणाच्या टेबलावर किती, ऑफिसच्या टेबलावर किती, गॅलरीत दुपारी बाराला किती, असं लिहीत जा, महिन्याभरात तुझा डोळाच मीटर व्हायला लागतो. लक्ष्मी विलास पॅलेसच्या दरबार हॉलमध्ये सकाळी आणि दुपारी अशा दोन वेळा जा, रंगीत काचांमधून उजेड आत कसा येतो आणि मोझॅकच्या जमिनीवर काय करतो ते उभी राहून बघ. त्याच आवारात फतेसिंह म्युझियममध्ये रवि वर्म्यांची तैलचित्रं आहेत. चित्रासमोर उभी राहा आणि हळूहळू एकेक पाऊल डावी-उजवीकडे सरक, वार्निशवर चकाकी कुठून यायला लागते आणि कुठे नाहीशी होते ते बघ. चित्रावर वरून साधारण ३० अंशात लाईट टाकायचा असं शिकवतात, ते का, हे तुला तिथे पुस्तकाशिवाय कळेल. तैलचित्राला २०० लक्सपर्यंत चालतं, कागदावरच्या चित्राला किंवा जुन्या कापडाला ५० च्या आतच ठेवतात, कारण उजेडाने गेलेला रंग परत येत नाही.

राहिला आईचा प्रश्न, आणि तो मी सगळ्यात गंभीरपणे घेते. रात्रीचं काम टळत नाही. लाईटचा रोख लावायचा म्हणजे अंधार पडल्यावरच, साडेसात ते अकरा. पण ते रोज नसतं. एका बंगल्याला दोन-तीन रात्री, दुकानाला एक-दोन, आणि त्या तारखा आधी ठरवता येतात. माझे नियम असे आहेत: रात्रीच्या साइटवर माझ्याबरोबर माझा एक माणूस असतोच, क्लायंटच्या घरचं कुणीतरी हजर असल्याशिवाय मी काम सुरू करत नाही, पायात बूट, आणि शिडी धरणारा ठरलेला. हे नियम मी पहिल्याच मीटिंगमध्ये सांगते, कुणी आजवर नाही म्हटलेलं नाही. आणि आईला हेही सांग की नवरात्रात अख्ख्या बडोद्याच्या लेकीसुना बारा वाजेपर्यंत गरब्याला बाहेर असतातच, या गावाला रात्री बाईमाणूस रस्त्यावर असण्याची सवय आहे. तरी काळजी वाटेल, तर एकदा तिला साइटवर घेऊन जा.

माझी आई आली होती. माझं लग्न व्हायचं होतं तेव्हा, आणि ती भांडूनच आली होती की बघू तरी कसली कामं करतेस. शाल गुंडाळून, हातात चहाचा थर्मास. घर जवळजवळ तयार होतं, दिवाणखान्यात इथल्या घरांत असतो तसा मोठा पितळी कड्यांचा झोपाळा होता, ती त्यावर जाऊन बसली. मी शिडीवर, रोख लावतेय, मनातून खूश, उभं राहून बघितलं तर खोली सुंदर दिसत होती. पाचेक मिनिटं ती झोके घेत गप्प बसली आणि मग म्हणाली, "अगं, मागे गेलं की हा दिवा डोळ्यात घुसतो, पुढे आलं की जातो, परत घुसतो. इथली आजी बसणार कशी यावर?" मी खाली उतरले, तिच्या शेजारी बसले, झोका घेतला, आणि खरंच, प्रत्येक झोक्याला डोळ्यात एक भाला. मी सगळा विचार उभ्या माणसाच्या डोळ्यांचा केला होता. त्याच रात्री तो लाईट दोन फूट पुढे नेला, खोल बसणारा घेतला आणि आत जाळी टाकली. आई थर्मासमधला चहा वायरमनना वाटत होती. तेव्हापासून जिथे झोपाळा असेल तिथे माझ्या ड्रॉइंगवर त्याच्या पुढच्या आणि मागच्या टोकाची रेघ आखलेली असते, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर.